घट

भर दुपार. विट्याच्या मागांचा खटखटाट
खिडकी लावली तरी आत येतोच.
मी हेडफोन घालून एका फिनिश बाईचा खोकला कापतेय.
पुस्तक वाचताना एकशे बाराव्या पानावर ती खोकली,
तेवढा तुकडा काढायचा, श्वासाला श्वास जोडायचा,
जोड कळता कामा नये.
अशा महिनाभराच्या कामाचे चारशे युरो.

आता ते हेलसिंकीहून इथं आणायचे कसे?

वहीत तीन रकाने आखलेत.
आबा खाटेवरून विचारतात, "किती तुटतंय?"
तीस वर्षं सेलममध्ये गलाई केली त्यांनी,
दुसऱ्यांचं सोनं आटवलं, तेजाबाचा धूर गिळला.
युरो कळत नाही त्यांना. तूट कळते.

मी सांगते,
बँकेतून मागवले तर वाटेत एक मधली बँक बसलीय,
तिचं नाव कुणी सांगत नाही,
ती अठरा युरो ठेवून घेते.
मग आपली बँक पाचशे नव्वद रुपये.
"म्हंजे टोलनाका," आबा म्हणतात. "पावती देती का?"
नाही देत.
"मग नाका न्हवं. वाटमारी."

हिरवं अ‍ॅप तीन युरो घेतं, सांगून घेतं,
आणि भाव देतं बाजारातला, एक्क्याण्णव वीस.
निळं अ‍ॅप म्हणतं, फी शून्य.
एवढ्या मोठ्या अक्षरात, भोवती फुगे उडतायत.

आबा उठून बसले.
"शून्य?
आटणीत शून्य घट कधी येत नसती, पोरी.
आली, तर मूस फोडून बघायची.
सोनं काठाला चिकटल्यालं असतंय."

फोडली मूस.
भाव सत्त्याऐंशी नव्वद.
चारशे युरोंवर तेराशे वीस रुपये
काठाला.

"आमच्या टायमाला आमचं अ‍ॅप म्हंजे हिंदुराव," आबा म्हणाले.
दोन महिन्यांतून एकदा तो गावाकडं निघायचा,
कमरेच्या कशात अकरा दुकानांचे पैसे,
ज्याची त्याची गाठ वेगळी.
फॉर्म नाही, पासवर्ड नाही.
"एक रुपाया कधी कमी न्हाई."

आई उंबऱ्यात हुलगे निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"पन्नास कमी असायचे."

माग चालूच होते बाहेर.

"दर खेपेला. कधी साठ."

"बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं?
पैसे देऊन लगेच उठत नव्हता तो. चहा प्यायचा.
तुम्ही वाळलाय का, राती खोकताय का,
चप्पल नवी घेतली का जुनीच शिवली,
समदं सांगायचा.
तुमच्या पत्रात 'सर्व खुशाल', बाकी कोरं.
पन्नासात सस्तच पडायचं."

आबा भिंतीकडं वळून आडवे झाले.
मी वहीतल्या तीन रकान्यांकडं बघत बसले.

संध्याकाळी हिरव्यावर खातं उघडलं.
पॅनचा नंबर दिला, फोटो दिला,
डोळे मिचकवा म्हणालं, मिचकवले.
पैसे कशाचे, ते यादीतून निवडायचं होतं.
यादीत खोकला काढणे नव्हतं.
'ध्वनी व तत्सम सेवा' घेतलं.

गुरुवारी आले.
छत्तीस हजार दोनशे सहा रुपये चाळीस पैसे.
फोन एकदा थरथरला, बास.
आबांनी चष्मा लावून ताळा केला, दोनदा केला.
"चोख," म्हणाले.

मग बऱ्याच वेळानं,
"ती बाई बरी हाय का आता? खोकल्याची?"

मला माहीत नव्हतं.
तो तुकडा अजून पुसायचा राहिला होता.
हेडफोन घातला, परत ऐकला.
छोटा होता. कोरडा.
आबांसारखा नव्हता.