समोरून येणारा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी
मी सायकल बाहेर काढते तेव्हा
शेजारच्या वेइक्कोंच्या खिडकीत कॉफीपुरता दिवा लागलेला असतो.
नऊ किलोमीटर. नदीवरचे तीन पूल,
लाकडाच्या वखारीमागचा बर्चचा पट्टा,
मग शाळा, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात
चारशे पोरांचं जेवण.

ऑगस्ट सरताना ओउलूत एकच बर्च पिवळा पडतो,
तोही पुरता नाही, एकच फांदी,
चाळिशीत माझ्या भांगाशी आलेल्या पहिल्या पांढऱ्या बटेसारखी.
बाकीची झाडं न बघितल्यासारखं करतात.
मग आठवड्याभरात सगळ्यांचाच धीर सुटतो.

गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं,
त्यावर वाटलेल्या मोहरीचा एक चमचा.
अगदी तोच पिवळा.
ॲस्पेन तांबडा, वारा नसतानाही लटलटणारा,
रोवनच्या फळांचे घोस, पक्ष्यांनी निम्मे ओरबाडलेले,
आणि खाली, पार जमिनीलगत, ब्लूबेरीची झुडपं.
त्यांच्या लालीला मला शब्द सापडत नाही.
तिथे मी घंटी वाजवते. उगाच.

दुसऱ्या पुलाच्या आसपास समोरून तो येतो.
हिरवं हेल्मेट, करड्या मिशा,
हँडलला लटकवलेला थर्मास.
सहा वर्षं झाली, नाव माहीत नाही.
आम्ही मान तुकवतो,
फार नाही, टोपी हलणार नाही इतपतच.

तो कुठे भेटतो त्यावरून मला वारा कळतो.
पुलाच्या मधोमध भेटला, तर वारा पडलाय.
पुलाच्या अलीकडेच, तर वारा त्याच्या पाठीला
आणि माझ्या छातीवर.
पूल ओलांडून मी दवाखान्याच्या वळणापर्यंत पोचले,
तर आज वारा माझा,
नाहीतर त्याला झोप लागली होती.

सप्टेंबर संपता संपता सकाळ काळी होते.
रोज सहा मिनिटं कुणीतरी कापून नेतं.
जाताना रंग म्हणजे दिव्याच्या गोलात येणारं एकेक पान,
आलं, पिवळं झालं, गेलं.
बाकीचं झाड परतीच्या वाटेवर, दुपारी तीनला बघायचं.
एका आठवड्यात तीन प्रकारचे हातमोजे.
सोमवारी ऊन, कोट उघडा,
मंगळवारी आडवा पाऊस, आणि ओल्या पानांवरून
मी वळणावर सपशेल आडवी.
गुडघा सुजला. कुणी पाहिलं नाही,
हे पहिलं बरं वाटलं.

बुधवारी तो आला नाही.
गुरुवारीही नाही.
नऊ दिवस पूल नुसता पूल होता.
वारा होता, पण किती, ते कशावरून सांगणार?
आणि एका रात्रीत, बहुतेक शुक्रवारच्या,
बर्चनी सगळं खाली टाकलं,
जत्रा उठल्यावर मैदान दिसावं तसा तो पट्टा,
आरपार, आणि पलीकडे नदी, जी तिथे आहे
हे मी दरवर्षी विसरते.

दहाव्या दिवशी पहिलं दहिवर.
पानांच्या कडांना मिठासारखं पांढरं,
चाकाखाली कुरकुर.
पुलावर एक दिवा, फार हळू.
तो सायकल हातात धरून चालत होता,
उजवं मनगट प्लास्टरमध्ये.

मी थांबले. सहा वर्षांत पहिल्यांदा.
काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं.
"पानांवरून," तो म्हणाला, "तिथे, वळणावर."
"मीही," मी म्हणाले, "मंगळवारी."
"माझाही मंगळवारच."
आम्ही दोघं वळणाकडे बघत राहिलो,
जणू ते काही खुलासा देणार होतं.

मग तो म्हणाला,
"तुम्ही गेलात की मागे कांद्याचा वास राहतो.
घरी बसून त्याचीच चुकल्यासारखी वाटली."
यावर कुठल्याही भाषेत उत्तर नसावं.
मी मान तुकवली. या वेळी टोपी हलली.

शाळेत पोचून कांदे सोलताना लक्षात आलं,
नाव विचारायचं राहिलंच.
आणि तो चालत होता,
झाडांवर विचारायला एक पान नव्हतं,
त्यामुळे आज वारा कुठला होता
तेही कळलं नाही.