फरक

निघालो होतो समुद्राकडे.
पोचलो आठव्या मैलावर.

शून्य मैलाच्या दगडापासून मोजलं
तर एकूण प्रवास आठ मैल आणि एक वास,
तळाला लागलेल्या डाळीसारखा,
डाव्या पुढच्या चाकातून.
दिवाकर म्हणाले, ब्रेक असेल.
म्हटलं, ब्रेक दाबलाच कुठे तुम्ही
वाडीपासून?

इस्तारी नेवारेच्या गॅरेजला पाटी नाही.
एक बाभूळ आहे, तिला टायर टांगलेला.
त्यानं पालथा हात चाकाच्या मध्याशी नेला,
तापलेल्या पोराच्या कपाळाशी नेतात तसा,
आणि टेकवण्याआधीच मागे घेतला.
"बाई, हे घर किती दिवस उभं होतं?"

तीन वर्षं.
मानेवाड्याच्या अंगणात, खिडक्यांना पडदे लावून.
आत फ्रिज, शिलाई मशीन, पिठाची घरगुती गिरणी,
दोनशे लिटरची टाकी.
रोज संध्याकाळी आत बसून आम्ही चहा प्यायचो
आणि कुठे जायचं ते ठरवायचो.

"धावून नाही झालं हे," इस्तारी म्हणाला,
"उभं राहून झालं.
अन् सारं वजन डाव्या अंगाले कोणी भरलं?"

दुर्वेशनं जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे.
टोपी निघाली, काटपिन निघाली, नट निघाला.
जुन्या बरणीत लोणच्याचं तेल बसतं
तसं ग्रीस खाली बसलेलं.
वरचे रोलर कोरडे, जळून निळे.
पोरगं डिझेलमध्ये धुतलेलं बेअरिंग
कॉम्प्रेसरच्या हवेनं भिंगवायला लागलं,
शिट्टी वाजली, तशी टपली बसली:
"खेळणं होय का बे?"

नवं यायला दुपार गेली.
सत्तेचाळीस डिग्री. दिवाकर आत, एसीत, रुसून.
मी टायरवर बसून पाहत होते.
छत्तीस वर्षं महालेखाकारांच्या कचेरीत
मी दुसऱ्यांच्या वह्यांतला फरक शोधला.
सात रुपयांसाठी एका तहसिलीला तीन पत्रं.
फरक शून्य, मगच टोपण लावायचं पेनला.

इस्तारीनं तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला,
बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबली, ओढली, दाबली,
पलीकडून शेवया निघेपर्यंत.
"दुसरं तुमी भरता?"
घड्याळ काढून ठेवलं. भरलं.
अजून नखात आहे.

चाक फिरवत फिरवत त्यानं नट पुरता कसला.
मग सोडला.
मग पुन्हा, नुसत्या बोटांनी.
वर-खाली धरून चाक हलवलं:
टुक्.
ऐकू येण्याच्या अलीकडचं काहीतरी.

"फरक राहिला," मी म्हटलं.

"राहू द्या. एवढा लागते त्याले.
शून्य केला तं तापून मरते.
जास्त ठेवला तं चाक
तुमच्या आधी समुद्रावर."

मी खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला.
म्हटलं, संसाराचंही असंच, नाही का?

त्यानं चिंधीला हात पुसले, एकेक बोट.
"संसाराचं मले नाही माहीत, बाई.
हे बेअरिंग होय."

नवी काटपिन घातली. जुनी माझ्या हातात दिली,
वाकडी, पुन्हा वापरू नये अशी.
बिल बेअरिंगच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
बेरीज सात रुपयांनी चुकलेली, त्याच्याच तोट्यात.
पेन काढलं, दुरुस्त केली.
ते वेगळं.

बाजारगावाशी गाडी थांबवायला लावली.
उतरले. पालथा हात नेला.
कोमट.
दिवाकरांनी काच खाली केली, सकाळपासून पहिल्यांदा:
"काय?"

म्हटलं, गिरणी उजवीकडे घ्यायची राहिली.