ओल्या पाटीचा निळा

प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी नुसते रंग तपासले.
केसभर फरक दिसला की
कागद बाजूला.

आता जेल रोडच्या गच्चीवर
थर्माकोलचा खोका, साठचा बल्ब, वाटीत पाणी,
चौदा अंडी. शिसपेन्सिलीनं
एकीकडे फुली, एकीकडे गोल,
दिवसातून तीनदा कूस बदलायची.
कुमुदिनी म्हणते,
पोरांचं एवढं केलं नाहीत.

मला निळा हवाय.
आभाळाचा नव्हे, ओल्या पाटीचा,
पिसागणिक काळी कड असलेला.
नर निळा, तलंग निळी,
ओझरच्या तांबोळ्याकडची जातिवंत जोडी.

विसाव्या रात्री वीज गेली.
खोक्याला गोधडी लपेटून
खुडूक कोंबडीसारखा बसून राहिलो.
पहाटे आतून टकटक.

नऊ निघाली.
चार काळी,
दोन चुन्याचे शिंतोडे उडाल्यागत,
तीन निळी, त्यात एकाचा पाय वाकडा.
सवयीनं हात गेला
बाजूला काढायला,
तर ते तळव्यावरच झोपलं.

"रंग तरी बरोबर आलाय का?"
"पिसं फुटल्यावर कळेल," म्हणालो,
आणि बल्ब जरा खाली ओढला.