दोन रेघा

रात्रपाळी. सेमिनरी हिल्सच्या उतारावर
एसी फक्त यंत्रांच्या खोलीला,
आम्हाला दाराच्या फटीतून येईल तेवढा.

पडद्यावर दोन रेघा :
वरची हवेची, खालची जमिनीची.
डोंगर कुठल्याशा बेटावर,
आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही.

आठ दिवस खालचीच थरथरत होती,
बंद दारामागे कुणी कपाट सरकवावं तशी.
वरची सपाट.
आमच्या इथल्या यंत्रावर मात्र
दुपारी दोनला रोज एक उसळी :
उमरेडच्या खाणीतला सुरुंग. ती आम्ही खोडतो.

आज पावणेतीनला खालची निवली.
मी वहीत लिहिलं, शांत.

भिवगडे चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"काहून शांत? वरची पाहा ना बाई.
जमिनीनं सोडलं, हवेनं धरलं.
तोंड उघडलं त्याचं."

आणि खरंच, वरची रेघ
कानाला न येणाऱ्या आवाजानं
जाड होत चालली होती.

मी शांत खोडलं.

घरी आई महिनाभर भांडी आपटत होती.
परवापासून नाही.
तेही मी तसंच लिहून ठेवलं होतं, मनात.

सकाळी सीताबर्डीला उतरले.
किल्ल्याच्या पायथ्याचा काळा दगड,
कधीकाळचा लाव्हा,
त्यावर कुणाची तरी खर्र्याची पिचकारी.
जरा बाजूला तळवा टेकवला.
मेट्रो गेली, तेवढीच हलली हाताखाली.

मग फोन लावला घरी.
रिंग वाजत राहिली.