चार तिमाह्या, चार शून्यं

शिरोलीच्या या शेडमध्ये काळं व्हायचं काही शिल्लक राहत नाही.
साच्याची वाळू चहाच्या कपात बसते,
कानात बसते, हजेरीच्या वहीला
अंगठ्यांची काळी किनार.
आणि शीतल मगदूमचा बिल्ला
नुकत्या धुतलेल्या बशीसारखा.

हातात धरला तेव्हाच कळलं.
तसं ते मुंबईत कागदावरही कळलं होतं:
वर्षात सहाशे बारा एक्स्पोजर,
चार तिमाह्या, चार शून्यं.
गॅमाच्या शेजारी रात्री काढणाऱ्या माणसाच्या छातीवर
इतकं शून्य येत नाही.
ते येतं ड्रॉवरमध्ये.

"बसा की मॅडम," म्हणत त्यानं स्टूल पुसलं,
ते आणखी काळं झालं.

आधी त्यानं फिल्म दाखवली.
व्हॉल्व्हची बॉडी, साडेतीनशे किलो,
अणुवीज केंद्राच्या पाण्याच्या लायनीवर बसायची होती.
उजेडाच्या काचेवर करडं आभाळ, आणि मानेपाशी
तांदळाच्या कणीएवढा काळा ठिपका.
"हितं श्रिंकेज हाय. मालक म्हणले, वेल्डिंगनं भरू, कोण बघतंय.
मी म्हणलो, मी बघतोय की."
कास्टिंग परत भट्टीत गेलं.
पुढच्या पगारात ओव्हरटाइम नव्हता.

आणि हा बिल्ला? मी विचारलं.

हायवेवरून उसाच्या दोन ट्रॉल्या जाईपर्यंत
तो बोलला नाही.
"आकडा वाढला की तुमी मला सोर्सवरनं काढणार.
मग काय, साच्यात वाळू भरू?
धाकटीची फी..." तिथं थांबला.
फीचं वाक्य त्याचं त्यालाच जुनं वाटलं असावं.
"खरं सांगू? भ्या वाटतं.
आकडा कळला न्हाई, तर तो न्हाईच असं वाटतंय."

लोखंडातली कणीएवढी पोकळी
या माणसानं मालकाच्या तोंडावर सांगितली होती.

मग मी माझं काम केलं.
दोरी अकरा मीटर आखडून बांधलेली.
सर्व्हे मीटरची तपासणी गेल्या श्रावणातली, नंतर नाहीच.
लाल दिवा मात्र लागत होता, कुणीतरी काच पुसत होतं.
आणि इरिडियमच्या पेटीची चावी
मालकाच्या केबिनमध्ये, अंबाबाईच्या फोटोमागे,
म्हणजे देवीच्या देखरेखीखाली.
तेही लिहिलं. देवीचं नाव गाळून.

सील ठोकलं तसे मालकांनी फोन लावले.
कुणीतरी सांगितलं असणार, ही उत्तरेश्वर पेठेतली,
कारण परत आले ते "ताई" म्हणत, सोबत भडंगाचा पुडा.
इरिडियम चौऱ्याहत्तर दिवसांत निम्मं होतं.
कोल्हापुरात ओळख होत नाही.
पुडा टेबलावरच राहिला.

पोचपावतीवर सही करताना शीतलनं विचारलं,
"तुमचा कुठाय?"
मी ओढणी बाजूला केली.
तो मान तिरकी करून बघत राहिला,
फिल्म बघतो तसा,
काही सापडतंय का म्हणून.
"घालतो उद्यापास्नं," म्हणाला. मग, "न्हाई, आत्ताच."

गेटपाशी मी म्हणालो, "येतो."
वीस वर्षं "येते" म्हणणारी माझी जीभ
पंचगंगेच्या अलीकडे
मला न विचारता मागं फिरते.

जुलैच्या पाकिटात त्याचा आकडा आला.
शून्य पूर्णांक नऊ मिलिसिव्हर्ट.
मर्यादेच्या आत, पुष्कळच आत,
तरी मी तो दोनदा वाचला.
खाली प्रयोगशाळेचा शेरा, लाल शाईत:
वेष्टणावर काळ्या अंगठ्याचा ठसा.
बिल्ला स्वच्छ ठेवण्याबाबत
संबंधित कर्मचाऱ्यास समज द्यावी.