शेवटची रांग

पुढची सीट मागणाऱ्यांना मागू दे.
त्यांना उतार दिसतो, फोटो चांगला येतो.
मी शेवटच्या डब्यातली, डावीकडची.
माथ्यावर पुढचे डबे खाली ओढू लागतात,
मागच्यांना कुणी विचारत नाही,
आणि तेवढ्यात मांडी आणि सीट यांच्यात
चार बोटं हवा शिरते.
त्या चार बोटांसाठी
अकरा देशांतल्या दोनशे सात राइड्समध्ये बसले आहे.

पण घरचं पार्क ते घरचंच.
रूर नदीच्या अलीकडे, गोदामांच्या मागे,
खाण क्रमांक नऊ:
वीस मीटर उंची, दोन गिरक्या, एक बोगदा.
दारावर मुद्दाम गंजवलेलं चाक,
भिंती प्लास्टरच्या, कोळशाचा रंग, वर वॉर्निश.
स्पीकरमधून कुदळीचे घाव
आणि दर बेचाळीस सेकंदांनी तोच एक खोकला.
(मोजलाय मी. रांगेत दुसरं करायचं काय?)

तोर्बेन म्हणतो, सजावट म्हणजे नुसती कोथिंबीर.
वेग खरा, वळण खरं, बाकी सगळा पुठ्ठा.
अरे, पन्नास मिनिटं तू जिथे ताटकळतोस
त्या भिंतीने काही सांगावं की नाही?
पोटात गोळा कुठलीही बिघडलेली लिफ्ट आणते.
भीतीला पत्ता लागतो.

ऑक्टोबरात पाटी लागली.
पुढच्या हंगामापासून खाण बंद.
रूळ तेच, गिरक्या त्याच,
वरून बिस्किटांची छपरं, गुलाबी साखर.
नाव कारमेलगाव.
मी पत्रं लिहिली. एकशे तीस सह्या जमवल्या.
मग वडिलांना घेऊन गेले.

एगॉन, वय एक्याऐंशी.
एकोणतीस वर्षं खऱ्या खाणीत, हजार मीटर खाली.
इथे एकदाही आले नव्हते.
"खाली जायचे मला पैसे मिळायचे, विब्के.
आता मी द्यायचे?"

रांगभर चुका काढत राहिले.
कंदील असा टांगत नाहीत.
हा टेकू एका पाळीत बसेल.
कुदळ? कुदळ माझ्या बापाच्या वेळची.
आमच्याकडे यंत्रं. स्वतः घातलेली शिवी
स्वतःला ऐकू यायची नाही.
खोकला आला तेव्हा मात्र गप्प झाले.
तिथेच थांबले. माणसं बाजूने पुढे गेली.
पुन्हा ऐकला,
मग सरकले.

फलाटावर दांडे तपासायला नेव्झात.
छातीवर आत्ताच कारमेलगावचा बिल्ला.
वडिलांनी आडनाव विचारलं,
मग आजोबांचं नाव, मग कुठली पाळी, कितवा थर.
मागे लोक ओरडू लागले.
नेव्झातने दांडा खाली ओढला, दोनदा हलवून पाहिला,
आणि हलकेच म्हणाला, "ग्लुक आउफ."
खाणकामगारांचा रामराम तो:
सुखरूप वर या.

माथा. चार बोटं हवा.
ते उठले सीटवरून, टोपी मुठीत,
तोंड घट्ट मिटलेलं,
दातांच्या डॉक्टरकडे बसतात तसं.
मग बोगदा.

बोगद्यात तीन वर्षं एक पाइप गळतो आहे.
मीच तक्रार केली होती, दोनदा, लेखी.
ओलं सिमेंट, वंगण, कुजकं लाकूड.
"हे," अंधारात वडील म्हणाले,
"हे बरोबर आहे."

बाहेरच्या दुकानात पिवळी हेल्मेटं निम्म्या किमतीत.
एक घालून पाहिलं. लहान मुलांच्या मापाचं.
ठेवून दिलं.
"साखरेच्या घरात तो पाइप दुरुस्त करतील?"
"करतील."
"हं."

पार्क बंद व्हायला वीस मिनिटं होती.
रांग जेमतेम दहाची.
"पुढे बसलं की काय होतं?"
"सगळं आधी दिसतं."
त्यांनी टोपी झटकली, सरळ केली, डोक्यावर दाबली.
"मग नको," म्हणाले,
आणि शेवटच्या डब्याच्या खुणेवर
जाऊन उभे राहिले.