दर दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये

दर दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये
मी तोर्स्तीला युवास्कुलाला नेते.
भुलीनंतर दिवसभर गाडी चालवायची नाही, हा दवाखान्याचा दंडक,
आणि टॅक्सीचे पैसे त्याच्या जिवावर येतात.
आदल्या रात्री तो ते खारट औषध पीत बसतो,
नाक दाबून, पेल्यामागून पेला,
आणि मला फोन करतो:
तू झोप मजेत.

मी झोपत नाही.

आई गेली तेव्हा बेचाळीसची होती.
मावशी साइमी, एकोणचाळीस.
त्याआधीची माणसं चर्चच्या जाड वहीत सापडली,
पाद्र्याच्या तिरक्या अक्षरात:
पोटाचं दुखणं, पोटाचं दुखणं, झिजून,
एके ठिकाणी नुसतं, देवाची इच्छा.
संशोधन करणाऱ्या बाईंनी त्या नावांवरून
पेन्सिलीची रेघ ओढत आणली
अठराशे चौदापासून थेट आमच्या कॉफीच्या टेबलापर्यंत.
आईपाशी येऊन ती दुभंगली.

बाई म्हणाल्या, पेशी दुप्पट होताना चुका होतातच,
सगळ्यांच्या, रोज.
त्या हुडकून सांधणारं एक जनुक असतं,
त्याच्या दोन प्रती: एक आईकडची, एक वडिलांकडची.
तुमच्याकडे काहींना एक प्रत मोडकीच मिळते.
दुसरी एकटी राबते, वर्षानुवर्षं.
एखाद्या पेशीत कधी तीही थकते.

तोर्स्ती तळ्यावरचा मासेमार. म्हणाला, कळलं.
जाळं सांधायला दोघे बसवलेत,
त्यातला एक जन्मतःच थोटा.
भोक पडेलच असं नाही,
पण जाळं मात्र सारखं उलगडून बघायला हवं.
बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

दोन्ही पाकिटं एकाच टपालानं आली.
माझ्यात नव्हतं. त्याच्यात होतं.
आईचे डोळे मला, तिचा तापटपणा मला,
तळ्याकाठचं घरही मलाच,
आणि त्याच्या पदरात हे.
मी म्हणाले, माफ कर.
तो म्हणाला, वाटणी करायला तू बसली होतीस का?

आज दोन गाठी निघाल्या, वाटाण्याएवढ्या.
तिथल्या तिथे काढल्या.
आईच्या वेळी आत कुणी डोकावलंच नव्हतं.

परतताना तो दालचिनीचा पाव खातो,
चुरा माझ्या सीटवर, दरवेळी.
हेल्मीचा विषय काढत नाही.
त्याची पोर मे महिन्यात अठराची होईल.
गेल्या रविवारी सॉनाच्या पायरीवर
केस पिळता पिळता तिनं विचारलं,
आत्या, मला एकदा गाडीनं सोडशील?
मी हो म्हणाले.
कुठे, ते विचारलं नाही.